एडमंटनमधलं स्पॅनिश नाक

तीस वर्षं मी नांदेडला वधूवर सूचक मंडळ चालवते. मुलीची उंची तिच्या आईने किती वाढवून सांगितली आहे ते मी फोटो बघून ओळखते. "मुलाला कसलंही व्यसन नाही" हे वाक्य कोणत्या सुरात आलं की पुन्हा चौकशी करायला जावं लागतं, तेही मला कळतं. कुणाचं घराणं ऐकून मी दचकेन असं कधी वाटलं नव्हतं. एप्रिलात कॅनडाला जाऊन आले तेव्हापासून मात्र मी जरा गप्पच असते. मंडळात येणारी माणसं विचारतात, "ताई, तब्येत बरी आहे ना?"

गेले होते स्वतःच्या मुलाच्या लग्नाचं बोलायला. ओंकार सहा वर्षांपासून एडमंटनला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने तिथे मायलीन नावाची मुलगी पसंत केली. ती लॅबमध्ये रक्त तपासते. जन्माने फिलिपिन्सची, नऊ वर्षांची असताना कॅनडात आली. दुसऱ्यांच्या मुलांना पोटजातीसकट स्थळं शोधून देणाऱ्या बाईच्या घरात हे घडलं, म्हणून नांदेडात लोकांनी ते किती चवीने चघळलं असेल ते सांगायला नको. मी फोनवर ओंकारला एवढंच विचारलं, "पण ते लोक नक्की कोण?"

"आई, मिक्स आहेत ते. तिच्या आईच्या साइडने स्पॅनिश आहेत थोडे."

तेवढं मी उचललं. नणंदेला फोन लावला आणि सांगून टाकलं की मुलगी स्पॅनिश रक्ताची आहे. नणंदबाईंना स्पेन नकाशात कुठे आहे ते माहीत नसेल, पण "म्हणजे गोरी असेल," असं म्हणून त्यांनी माझ्यावरचा अर्धा राग सोडला.

यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून मी एकटीच निघाले. निघण्याच्या आदल्या दिवशी ओंकारचा फोन आला.

"आई, एक सांगायचं राहिलं. त्यांच्यात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जाऊन तिला मागायचं असतं. आणि जेवण आपण घेऊन जायचं."

"आपण? मुलाकडच्यांनी?"

"हो. आणि प्लीज, तिथे गेल्यावर सोफ्यावर मागे टेकून बसू नकोस. तू बसतेस तशी."

मी बॅग भरायची थांबून पलंगावर बसले. आयुष्यभर मुलाकडच्यांना पाय पसरून पोहे खाताना आणि "कळवतो" म्हणून उठताना पाहिलं. माझी पाळी आली तर दुनियाच उलटी झाली होती.

पहिले काही दिवस

एप्रिलच्या शेवटी नांदेडच्या रस्त्यांवरचं डांबर मऊ होतं. एडमंटनला ओंकारने मला विमानतळावरून घरी आणलं आणि दारात उतरवून आधी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला घेतला. मी चपलांवर उभी, समोर घोटाभर बर्फ.

"आई, आत जा, स्लिप होशील."

"अरे, पण एप्रिल चाललाय!"

"विंटर टायर्स अजून कुणीच काढले नाहीयेत इथे. मे लाँग वीकेंडपर्यंत काही भरवसा नसतो."

त्याच्या घरात शिरून मी पहिलं काम केलं ते थालीपिठाचं पीठ मळायचं. हात पिठाने आणि हळदीने भरलेले असतानाच मायलीन आली. सावळी, ठेंगणी, हसरी मुलगी. नमस्कार वगैरे म्हणायच्या आत तिने माझा उजवा हात धरला, वाकली आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावला. मी इतकी दचकले की हात झटकायच्या बेतात होते. तिच्या कपाळावर पिवळा पट्टा उमटला.

"त्यांच्यात मोठ्यांचा आशीर्वाद असा घेतात," ओंकार म्हणाला.

ती मोठ्या भावाला नावाने हाक मारत नाही, थोरल्या बहिणीला ताईसारखा वेगळा शब्द आहे, आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना प्रत्येक वाक्यात एक आदराचं शेपूट जोडावं लागतं, हे तिने मला पोळी लाटता लाटता सांगितलं. माझ्या मंडळात येणाऱ्या निम्म्या मुली सासूला "हाय" म्हणतात. ही सावळी निघाली म्हणून नणंदबाईंना काय सांगू, ही काळजी एकीकडे होती, पण मुलगी मला आवडली हे खरं.

एक सांगून ठेवते. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं. त्यांचं इंग्रजी फाडफाड, माझं अडखळत. इथे मी ते सरळ मराठीत लिहिते आहे.

शनिवार, पायऱ्या चढून

मागणी घालायला निघालो तेव्हा डिकीत पुरणपोळ्या, मसालेभात, बटाट्याची भाजी आणि मी नांदेडहून नेलेले बुंदीचे लाडू होते. मी हिरवी इरकल नेसले होते, नाकात नथ. वरून ओंकारचा जाडजूड कोट, त्यामुळे निम्मी शोभा झाकलेली. मायलीनचं घर मिल वुड्समध्ये. तो भाग बघून मला आमच्या गुरुद्वाऱ्याजवळच्या गल्ल्यांची आठवण आली, इतके पगडीवाले सरदारजी रस्त्यावर. ओंकार म्हणाला, इथे पंजाबी आणि फिलिपिनो शेजारी शेजारीच राहतात.

पूर्वी त्यांची घरं खांबांवर असायची आणि मुलीला मागायला शिडी चढून जावं लागायचं, म्हणून या प्रथेच्या नावातच चढणं आहे असं मायलीनने सांगितलं होतं. इथे चारच पायऱ्या होत्या आणि त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेलं होतं. मी मसालेभाताचं पातेलं धरून चढले.

दार उघडलं मायलीनच्या आईने. एडना तिचं नाव, साठीची, बडबडी, एका दुकानात सुपरवायझर. तिच्या मागे मायलीनच्या भावाची चार वर्षांची मुलगी बिया उभी होती. मी तिच्याकडे बघून हसले. तिने माझं तोंड पाहिलं, कुंकू पाहिलं, नथ पाहिली, आणि "बुंबाय! बुंबाय!" असं किंचाळत सोफ्यामागे जाऊन लपली. रडून रडून तिला उचकी लागली.

एडनाचं तोंड लाल झालं. "तिचं मनावर घेऊ नका. आमच्याकडे लहान मुलांना सांगतात, जेवली नाहीस तर बुंबाय पोत्यात घालून नेईल. म्हणजे, पूर्वी भारतातले लोक दारोदार कापड विकायचे ना, पाठीवर गाठोडं असायचं. माझी आईच सांगते हे सगळ्या पोरांना. नुसती गंमत."

मी पातेलं हातात धरून उभीच. आपल्याकडे बागुलबुवा असतो. बागुलबुवाला आई नसते आणि ती मसालेभात घेऊन कुणाच्या दारात येत नाही. मी जन्मात कुणाला भीती वाटावी अशी नव्हते, आणि इथे चार वर्षांचं पोर मला बघून थरथरत होतं. मला खूप वाईट वाटलं.

पण एडना बोलकी. तिने मला बसवलं (मी टेकून बसले नाही) आणि पाच मिनिटांत घराण्याचा पाढा म्हणायला सुरुवात केली. नवऱ्याचे आजोबा चीनमधून आले, म्हणून मायलीनचे डोळे तसे. नवऱ्याची आजी डोंगरातली, तिच्या दंडावर गोंदण होतं. एक चुलत आजोबा अमेरिकन सोल्जर असावेत, नक्की कुणाला माहीत नाही. हे सगळं ती हसत हसत सांगत होती. माझ्या मंडळात यातला एक माणूस सापडला तरी आई-बाप स्थळ परत घेतात. मी थक्क होऊन ऐकत होते.

"आणि माझी आई," एडना भिंतीकडे बोट करून म्हणाली, "तिचे वडील स्पॅनिश."

भिंतीवर मोठा फोटो होता. मे महिन्यात त्यांच्या गावात देवीची मिरवणूक निघते, त्यात गावातल्या सर्वांत सुंदर मुलीला राणी करतात. एडनाची आई सतरा वर्षांची असताना राणी झाली होती. डोक्यावर मुकुट, लांब पापण्या, धारदार नाक.

"बघा ते नाक," एडना म्हणाली. "त्या नाकामुळेच निवडली तिला. मलाही थोडं आलंय. पोरांना मात्र नाही."

ती स्वतःच्या नाकावरून बोट फिरवत होती. तिच्या बाथरूममध्ये मी गोरं करणारा साबण पाहिला, एक नाही, डझनभर. ते बघून मला पहिल्यांदा आपलेपणा वाटला, हे लाजिरवाणं आहे पण खरं आहे.

जेवायला बसलो. माझ्यासाठी खास भाजी केली होती. भोपळा, भेंडी, कारलं, वांगं, सगळं एकत्र. मी म्हटलं, वा, ही तर आपलीच माणसं. दोनदा वाढून घेतली. तेवढ्यात मायलीन स्वयंपाकघरातून धावत आली. "मॉम, यात कोळंबीची चटणी घातलीस?" एडना म्हणाली, "घातली की. पण भाजी तर भाजीच आहे ना!" आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. माझा घास तोंडातच राहिला. ओंकार माझ्याकडे बघत होता, मायलीन रडायच्या बेतात. मी तो घास गिळला. तेवढ्यासाठी मला देवाने काय शिक्षा द्यायची ती द्यावी.

आणि मग आतली खोली उघडून लोला बाहेर आली.

लोला म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. ऐंशीच्या पुढची, ताठ, चेहऱ्यावर पावडरचा पांढरा थर. फोटोतलं नाक तसंच होतं. या लोलाचं त्या घरात काय वजन आहे ते मला ओंकारने आधीच सांगितलं होतं. एडना परदेशी नोकरीला गेली तेव्हा मायलीनला ती नऊ वर्षांची होईपर्यंत लोलाने वाढवलं. लोलाच्या आशीर्वादाशिवाय मायलीन लग्न करणार नव्हती. हे तिने ओंकारला पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगितलं होतं.

मी हात जोडून उभी राहिले. लोलाने मला पाहिलं. माझ्या कपाळावर, नाकावर, मग पुन्हा कपाळावर तिची नजर फिरली. ती आपल्या भाषेत एकच वाक्य बोलली आणि आत जाऊन तिने दार लावलं. एडना इतकी गडबडली की तिच्या हातातली सोया सॉसची बाटली माझ्या मांडीवर उलटी झाली.

मग धावपळ. एडनाने माझी साडी ओढूनच घेतली, थंड पाण्यात टाकली, आणि मला स्वतःचा फुलाफुलांचा गाऊन दिला. मुलाची आई मागणी घालायला गेली आणि गाऊन घालून परत आली. गाडीत बसल्यावर मी ओंकारला विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

त्याने गाडी सुरू केली. मग म्हणाला, "आई, त्या म्हणाल्या, बुंबायला मुलगी देणार नाही."

नकार

माझ्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. दोन दिवस मी नीट जेवले नाही. चिनी चालतो, गोंदणवाली चालते, नाव-गाव नसलेला सोल्जर चालतो, आणि आम्ही चालत नाही? तीस वर्षं मी लोकांना फोनवर गोड आवाजात "तुमचं त्यांना चालणार नाही हो" असं कळवत आले. ते ऐकणाऱ्याच्या पोटात काय होतं ते मला एडमंटनला कळलं.

मायलीन रोज संध्याकाळी यायची आणि ओंकारच्या शेजारी बसून राहायची. तिचे डोळे सुजलेले.

"तू लोलाला समजावून सांग ना," ओंकार म्हणाला.

"सांगितलं. ती काही बोलतच नाही. ती सरदारजींच्या ग्रोसरीतही कधी जात नाही, माहितीये? आम्हाला वाटायचं, ओल्ड पीपल असतात तशी. रेसिस्ट."

"मग आपण काय करायचं?"

"तिने हो म्हटल्याशिवाय मी नाही करू शकत. तिने मला वाढवलंय. सॉरी."

ओंकार उठून बाहेर गेला आणि ड्राइव्हवे शोव्हल करायला लागला. बर्फ पडलेलाच नव्हता. नुसता डांबरावर फावडं खरवडत होता. ते बघून माझा अपमान कुठल्या कुठे गेला आणि पोराची काळजी लागली.

बेसमेंटमध्ये

बुधवारी मायलीन मला साडी आणायला घेऊन गेली. एडना कामावर होती. मायलीनने मला बेसमेंटमध्ये नेलं, तेवढ्यात तिचा फोन वाजला म्हणून ती वर गेली. इरकल दोन दोऱ्यांवर वाळत घातलेली होती. डाग गेला होता. मी ती उतरवली आणि दुसरं टोक कशाखाली दाबावं म्हणून खुर्ची शोधायला लागले, कारण सहावार साडी एकटीने घडी घालायची म्हणजे जमिनीवर लोळवावी लागते.

जिन्यावर पावलं वाजली. कठडा धरून लोला उतरत होती. मी जागच्या जागी उभी राहिले. आता ही काय बोलणार, आणि मी काय ऐकून घेणार, असं मनात चाललं होतं. तिने साडीचं दुसरं टोक उचललं.

आपण साडीची घडी घालतो तेव्हा टोकं जुळवायला एकमेकींकडे चालत जातो. मी चालायला लागले तर तिने ओढ सोडली नाही. ती मागे रेलली, सगळं वजन टाकून, आणि दोन्ही कोपरे मुठीत धरून तिने कापड तिरकं ताणलं. एकदा या कोपऱ्याने, एकदा त्या. झटका दिला. रुंदी निम्मी केली, पुन्हा ताणलं, पुन्हा निम्मी केली. एक कोपरा निसटला तो तिने दातांत धरला. बघता बघता माझ्या साडीची लांबच लांब, चार बोटं रुंद पट्टी झाली.

माझे हात थांबले. हे मी पाहिलेलं होतं. नांदेडला माहेरी आमच्या शेजारी सरदारजींचं घर होतं. रोज सकाळी ओसरीत त्यांची मुलगी पगडीचं एक टोक धरून मागे रेलून उभी राहायची आणि ते दुसऱ्या टोकाने ताणत घडी घालायचे. ती आजारी असली की मला हाक यायची. साडीची अशी घडी कुणी घालत नाही. ही घडी डोक्याला बांधायच्या कापडाची असते आणि ती घरातलं लहान मूल बापाबरोबर शिकतं.

मी एक हात डोक्याभोवती गोल फिरवला. पगडी, असं. बोलायला मला इंग्रजी सुचलंच नाही.

लोलाच्या हातून टोक सुटलं. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. मी घाबरले, वर हाक मारायला निघाले, तर तिने माझा पदर धरला.

"रोज सकाळी," ती म्हणाली. "मी टोक धरायचे. शाळेत जायच्या आधी."

"तुमचे वडील?"

तिने होकारार्थी मान हलवली.

मग ती थांबत थांबत बोलली. वडील मच्छरदाण्या आणि कापड विकायचे, गावोगाव पाठीवर गाठोडं घेऊन. आई तिथलीच. मुलं रस्त्यात तिच्यामागून बुंबाय, बुंबाय म्हणत यायची, नाक धरायची, वास येतो म्हणायची. ती दहा वर्षांची असताना वडील तापाने गेले. आईने दुसऱ्या गावात बिऱ्हाड केलं आणि तिला बजावलं की कुणी विचारलं तर बाप स्पॅनिश होता म्हणायचं. लोकांनी नाक बघून लगेच मान्य केलं. सात वर्षांनी त्याच नाकावर तिला मुकुट घातला.

"एडनाला माहीत नाही?"

"कुणालाच नाही. नवऱ्यालाही नव्हतं."

मला रागही आला. "मग लहान पोरांना तुम्हीच का घाबरवता? ती बिया मला बघून रडली."

"आपणच आधी दुसऱ्याला बुंबाय म्हटलं की आपल्याकडे कुणी बघत नाही," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बोट करून, "तू त्या टेबलाशी बसली होतीस. मी समोर बसले असते. लोकांनी तुझ्याकडे बघितलं असतं, मग माझ्याकडे."

एवढ्यासाठी तिने नातीचं लग्न मोडलं होतं. मला तिच्या शेजारी बसवेना आणि तिथून निघवेना. थोड्या वेळाने मी बसले. आमच्या दोघींची नाकं मी मुद्दाम पाहिली. खरंच सारखी होती.

मी तिला म्हटलं, मी कुणाला सांगणार नाही. घरी आल्यावर ते किती अवघड आहे ते कळलं. ओंकार समोर बसून थंड चहा ढवळत होता. माझ्या एका वाक्याने सगळं मिटलं असतं. मायलीनला फोन करून सांगायचं, तुझी आजी आमच्यातलीच, आता कसली अडवते? मी कितीदा फोन हातात घेतला. पण त्या बाईने ते सत्तर वर्षं पोटात ठेवलं होतं. मी संध्याकाळभर भांडी घासली. स्वच्छ होती ती पुन्हा घासली.

पुन्हा शनिवार

शुक्रवारी एडनाचा निरोप आला की लोलाने सगळ्यांना जेवायला बोलावलं आहे. मी पुन्हा पुरणपोळ्या केल्या, पुन्हा त्या पायऱ्या चढले. तीच इरकल नेसले होते.

लोला टेबलाच्या टोकाला बसली होती. मी तिच्याकडे बघून दारातच थबकले. तिने पावडर लावली नव्हती. खालचा रंग माझ्याच रंगाचा होता, किंवा एखादी छटा गडद. एडना तिला सारखं विचारत होती, बरं वाटत नाही का म्हणून.

तिने मला समोरची खुर्ची दाखवली.

"ओंकार म्हणतो, तुम्ही लग्नं जमवता," ती म्हणाली. "लग्नाआधी मुलीच्या घराण्याची चौकशी करता ना? मग करा. मला विचारा, माझे वडील कोण."

जो प्रश्न मी हजार घरांत विचारला असेल तो मला विचारवेना. मी नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "विचारा."

"तुमचे वडील कोण?"

"बुंबाय," लोला म्हणाली.

एडना खदखदून हसली. आईने विनोद केला असं तिला वाटलं. ती हसत माझ्याकडे वळली, माझं तोंड पाहिलं, मग आईचं, मग पुन्हा माझं. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि खालून रंग उतरत गेला.

"नाही," ती म्हणाली. "नाही. मी शाळेतून येताना छत्रीवाल्या बुंबायशी बोलले म्हणून तू मला चपलेने मारलं होतंस. रस्त्यावर! मी सगळ्यांना सांगत आले, स्पॅनिश. माझ्या नवऱ्याच्या लोकांना. कामावर. तो फोटो मी भिंतीवर लावलाय!"

एडना उठली, वॉशरूममध्ये गेली आणि तिने दार आपटलं. आतला पंखा घरघरायला लागला. मायलीनचे वडील प्लेटमधल्या भाताकडे बघत होते. बियाने खुर्चीवरून उतरून लोलाचं निरीक्षण केलं, सगळीकडून, पोतं कुठे आहे ते बघत असावी. मायलीन उभी होती, दोन्ही हात तोंडावर.

"आता सांगा," लोला मला म्हणाली. "ही मुलगी तुम्हाला चालेल?"

चालेल. आमच्या धंद्यातला सर्वांत जास्त वापरलेला शब्द, आणि मला तो उच्चारायची लाज वाटली. मी उठले. दोन्ही हात जोडले आणि जमेल तेवढ्या इंग्रजीत म्हटलं, "मी मागायला आले आहे. तुमची नात आमच्या घरात द्या." नथ डोळ्यांतल्या पाण्याने ओली झाली.

लोलाने ओंकारकडे हात लांब केला. त्याने तो धरला, वाकला, कपाळाला लावला.

नणंदबाईंचं इथेच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. परत आल्यावर मी त्यांना सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, आपल्याच देशाचं रक्त निघालं म्हणून त्यांना आनंद होईल. त्या फार हिरमुसल्या. "अगंबाई, सरदारजी? तू तर स्पॅनिश म्हणाली होतीस!" त्यांनी ते आधीच गावभर करून ठेवलं होतं आणि अजून मागे घेतलेलं नाही. लग्न डिसेंबरात आहे. नांदेडात मायलीन अजून स्पॅनिशच आहे.

तर त्या शनिवारी. वॉशरूमचं दार उघडलं. एडना बाहेर आली, तोंड धुतलेलं, केस कपाळाला चिकटलेले. ती टेबलापासून लांबच उभी राहिली. फोटोकडे तिने पाहिलं नाही. आम्हाला वाटलं, आता भांडण होणार.

"नाव काय होतं त्यांचं?" तिने विचारलं.

लोलाने तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "गुरबचन."

स्वच्छ पंजाबी उच्चार. ऐंशीच्या बाईच्या तोंडात दहा वर्षांच्या मुलीचा आवाज होता.

"गुर्बाशान," एडना म्हणाली.

लोलाने मान हलवली. "गुरबचन."

"गुर्बाचान."

"नाही. नीट ऐक." लोलाने शेजारची खुर्ची मागे ओढली. एडना येऊन तिच्याकडे तोंड करून बसली. भात गार होत होता, कुणीही वाढून घेतलं नाही. लोला आपल्या बापाचं नाव पुन्हा पहिल्यापासून सावकाश म्हणत होती, आणि एडना तिच्या ओठांकडे बघत तिच्यामागून म्हणत होती.